रहस्य कागदात ठेवा: होलोकॉस्टच्या काळातली रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतली एक मुलगी वही घेऊन माझ्याकडं आली. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळी अंकाच्या स्पर्धेला रहस्यकथा पाठवायची म्हणाली. "काका, जरा वाचून बघा, कुठं चुकायलीय का सांगा." गोष्ट अशी होती: ऑशविट्झच्या छळछावणीत एका कैद्याचा खून होतो. दुसरा एक कैदी पूर्वी पोलीस खात्यात होता. तो रात्री या बराकीतून त्या बराकीत हिंडून खुनी शोधून काढतो. भाषा चांगली, संवादही चटपटीत. मी वही मिटली आणि दोन दिवस तिला काहीच बोललो नाही. काय खटकतंय ते आधी माझं मलाच नीट मांडून बघायचं होतं. नंतर तिला समोर बसवून जे सांगितलं, तेच इथं लिहितो.

मी बाँडरायटर. बेळगावात सब-रजिस्ट्रार कचेरीच्या आवारात 31 वर्षं खरेदीखतं, वाटणीपत्रं, वारसाचे अर्ज लिहिले. माझ्या रहस्यकथाही त्याच टेबलावर सुचल्या. या काळाबद्दल मी वीसेक वर्षं जमेल तसं वाचत आलोय आणि एक गोष्ट मला पक्की पटली आहे. होलोकॉस्टवर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर, रहस्यकथा लिहायची तर रहस्य कागदात ठेवायचं, माणसाच्या मरणात नाही.

असं का, ते सांगतो. साठ लाख ज्यू मारले गेले. कुणी मारले, यात काहीच रहस्य नाही. 20 जानेवारी 1942 रोजी बर्लिनजवळ वान्झे इथल्या एका बंगल्यात 15 अधिकारी टेबलाभोवती बसले आणि युरोपभरच्या ज्यूंच्या संहाराची कामं आपसांत वाटून घेतली. त्या बैठकीच्या टिपणाच्या 30 प्रती काढल्या होत्या. 1947 साली त्यातली एकच सापडली, सोळाव्या क्रमांकाची. खुनी कोण, याचं उत्तर सही-शिक्क्यानिशी समोर असताना छावणीतल्या एकाच मरणाला कोडं बनवलं, तर बाकीची मरणं नाटकाच्या पडद्यासारखी मागं टांगली जातात. वाचक "खुनी कोण, खुनी कोण" म्हणत पानं उलटतो आणि धुराड्याकडं बघायचं विसरतो. मला खटकलं ते हेच.

मग रहस्य कशाचं? युद्ध संपल्यावर माणसं खरोखर जे विचारत फिरत होती, त्याचं. माझा भाऊ कुठल्या गाडीनं गेला? हे पत्र त्यानं कधी लिहिलं? या मुलीचं खरं नाव काय? तळघराची किल्ली कुणाकडं होती? हे प्रश्न विचारणारी माणसं आजही आहेत. जर्मनीत बाड आरोल्सेन या गावी छळ झालेल्यांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे, सुमारे 3 कोटी कागद. जेरुसलेमला याद वाशेम ही संस्था मारल्या गेलेल्यांची नावं एकेक करून गोळा करते आणि ती 50 लाखांच्या आसपास आली आहेत. म्हणजे कितीतरी नावं अजून सापडायचीच आहेत. तुमच्या शोधकर्त्याला तिथं उभं करा.

सुरुवात करताना एक जागा आणि एक साल ठरवा. "नाझींच्या काळात, एका छावणीत" एवढ्यावर गोष्ट उभी राहत नाही. कैद्यांच्या हातावर नंबर गोंदत ते फक्त ऑशविट्झमध्ये. डाखाउच्या कैद्याच्या हातावर नंबर दाखवलात की जाणता वाचक तिथंच थांबतो. ऑशविट्झमध्येही गाडीतून उतरवून ज्यांना थेट विषारी गॅसच्या कोठड्यांकडं नेलं, त्यांची नोंदच झाली नाही. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेच इथं माणसं पोचल्यावर काही तासांत मारली जात. कामापुरते ठेवलेले थोडे कैदी सोडले तर तिथं मुक्काम असा कुणाचा नव्हताच. अशा ठिकाणी दहा दिवस चालणारा तपास कसा दाखवणार? त्या मुलीची गोष्ट इथंच अडली होती. रात्री बराकीबाहेर पाऊल टाकणं म्हणजे मनोऱ्यावरच्या बंदुकीसमोर जाणं.

घेट्टोमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या शहरी वस्तीत, मात्र गोष्टीला जागा आहे. तिथं उपाशीपोटी का होईना, पण गल्ल्या होत्या, जिने होते, शेजारी होते, कचेऱ्या होत्या. पोलंडमधल्या लोड्झचा घेट्टो 1940 च्या मे महिन्यापासून बंद झाला तो 1944 च्या ऑगस्टपर्यंत. तिथं वेगळं चलन चालायचं, ते घेट्टोबाहेर कुणी घेत नसे. असली नोट एखाद्याच्या खिशात बाहेर सापडली, तर तो माणूस कुठून आला ते न बोलता कळतं. चलनाची एक नोट म्हणजे तुमचा एक धागा.

"पण तपास करणारा अधिकारी छावणीत नव्हताच का?" असं तिनं विचारलं. होता. कोनराड मॉर्गन नावाचा एसएसचा, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचा, न्यायाधीश खरोखर छावण्यांमधल्या चोऱ्या आणि "विनापरवाना" खून तपासत होता. बुखेनवाल्डचा कमांडंट कार्ल कोख याच्यावर त्यानं खटला उभा केला आणि एप्रिल 1945 मध्ये एसएसनेच कोखला गोळी घातली. कैद्यांकडून लुटलेल्या पैशाचा हिशेब चुकला म्हणून कायदा जागा झाला. कैदी मारले जात होते तो वरून आलेला हुकूम, त्याला हात लावायचा नाही. हे लिहायचं धाडस असेल तर जरूर लिहा, पण त्या न्यायाधीशाला नायक करू नका. माझ्या मते हा विषय पहिल्या कथेसाठी नाही.

आता मला सगळ्यात जवळच्या गोष्टीकडं येतो, ती म्हणजे नावं.

माझ्याकडं खानापूर तालुक्यातली एक म्हातारी वारसाच्या कामासाठी आली होती. मराठी शाळेच्या दाखल्यावर ती यल्लूबाई, कन्नड पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, यल्लव्वा, बँकेच्या पासबुकात इंग्रजी अक्षरांत एल्लूबाई. नवऱ्याच्या गावच्या मतदार यादीत तर नावच वेगळं, लग्नात बदललेलं. चारही एकच बाई आहे हे सिद्ध करायला आठ महिने गेले. शेवटी उपयोगी पडला तो शाळेचा दाखला, कारण त्यावर आईचं नाव होतं. तेव्हापासून मी कुठलाही कागद हातात घेतला की आधी बघतो: हे नाव कुणी लिहिलं, कुठल्या भाषेत, कशासाठी?

होलोकॉस्टच्या कागदांना हेच विचारायचं. जर्मनीत 1 जानेवारी 1939 पासून, सरकारी यादीत बसणारं "ज्यू" नाव नसलेल्या प्रत्येक ज्यू पुरुषाला नावापुढं "इस्राएल" आणि बाईला "सारा" लावायची सक्ती झाली. रोझा होती ती कागदावर "रोझा सारा" झाली. म्हणजे एखाद्या जुन्या पत्रावर नुसतं "रोझा" आणि भाडेपावतीवर "रोझा सारा" असेल, तर पावती कोणत्या सालानंतरची ते वाचकाला सांगायची गरजच नाही. गावांची नावंही तशीच. लोड्झचं लिट्झमनश्टाट केलं. जर्मन ज्याला लेम्बर्ग म्हणत, ते पोलिश माणसाला ल्वूव आणि आज ल्विव. ऑशविट्झ हे जर्मन नाव, गावचे लोक ओश्वियेंचिम म्हणत. कथेतलं कुठलं पात्र कुठलं नाव तोंडात घेतं, त्यावरून ते कुणाच्या बाजूनं आलं ते कळतं. आम्हाला हे शिकवावं लागत नाही. इथं बसवरची पाटी वाचताना आणि घरात बोलताना नाव बदलतं, आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून गावाचं सरकारी नावही बदललं.

पण इथंच सावध राहा. कागदावरच्या नावांची गुंतागुंत आपल्याला कळते, एवढीच आपली शिदोरी. आपल्या सीमाप्रश्नाची उपमा त्या संहाराला देऊ नका, आडवळणानंही नाही. आमच्या लढ्यात माणसं गेली, मी ते विसरत नाही. पण ते दुःख त्या तराजूत टाकलं की दोन्हीकडचं वजन खोटं होतं.

नावांमधलं सर्वांत नाजूक काम म्हणजे लपवलेली मुलं. वॉर्सामध्ये इरेना सेंडलर आणि त्यांच्या साथीदारांनी घेट्टोतून मुलं बाहेर काढली, ख्रिस्ती नावांनी कुटुंबांत आणि मठांत ठेवली, आणि प्रत्येकाचं खरं नाव चिठ्ठीवर लिहून बरणीत घालून जमिनीत पुरलं. एक मूल, दोन नावं आणि मातीखाली एक बरणी. यापेक्षा मोठं रहस्य कल्पनेनं रचायची गरज मला तरी वाटत नाही.

पुरलेल्या कागदांचं दुसरं उदाहरण तर मला झोपू देत नाही. इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या साथीदारांनी वॉर्सा घेट्टोत गुपचूप दप्तर जमवलं: रोजनिश्या, रेशनकार्डं, मुलांचे निबंध, भिंतीवरची पत्रकं, मिठाईचे कागदसुद्धा. ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरलं. सप्टेंबर 1946 मध्ये 10 पेट्या सापडल्या, डिसेंबर 1950 मध्ये दोन कॅन. तिसरा भाग आजवर मिळालेला नाही. पेट्यांत पाणी शिरलं होतं, कागद भिजून एकमेकांना चिकटले होते. कॅनमधले बरेच बरे राहिले.

भिजलेला दस्त म्हणजे काय, ते खानापूर-जांबोटीकडच्या पावसात राहिलेल्या माणसाला विचारा. जुलैत माझ्याकडं असे गठ्ठे यायचे. घडीवर घडी चिकटलेली, शाई पाझरून मागच्या पानावर उलटी उमटलेली, कडेला बुरशीचा हिरवट पट्टा आणि सगळ्याला एक गोडसर कुबट वास. घाई केली की पान फाटतं. चुलीच्या उबेला लांब धरायचं, कोपरा सुटू लागला की खाली पातळ पोस्टकार्ड सरकवायचं आणि वाट बघायची. कधीकधी खरं पान वाचता येत नाही, पण शेजारच्या पानावर त्याची उलटी शाई उमटलेली असते. ती आरशात धरून वाचायची. माझ्या एका कथेतला धागा तोच होता. तुम्हीही असंच करा. तुमच्या हाताला जे काम माहीत आहे, त्यातून शोधकर्त्याची रीत येऊ द्या. शिंपी असाल तर कोटाच्या अस्तरातून, पोस्टात असाल तर शिक्क्यातून. भिंग घेऊन फिरणारा हुशार गृहस्थ नको.

आता धागा कसा पेरायचा ते एका उदाहरणातून दाखवतो. यातली हकिकत खरी आहे, पात्रं आपली.

सप्टेंबर 1943 मध्ये चेक प्रदेशातल्या थेरेझिएनश्टाटच्या घेट्टोतून सुमारे 5,000 ज्यूंना ऑशविट्झ-बिर्केनाऊला नेलं आणि "कुटुंबछावणी" म्हणून वेगळं ठेवलं. सहा महिन्यांनी, 8 मार्च 1944 च्या रात्री, त्यातल्या जिवंत असलेल्या जवळपास सगळ्यांना, 3,700 हून जास्त माणसांना, गॅसनं मारलं. मारण्याआधी त्यांच्याकडून घरी पोस्टकार्डं लिहून घेतली आणि त्यांवर पुढची, 25 मार्चच्या आसपासची तारीख टाकायला लावली.

आता कल्पना करा, प्रागमध्ये एक बहीण आहे. 1945 च्या उन्हाळ्यात छावणीतून वाचलेला एक माणूस तिला सांगतो, सप्टेंबरच्या गाडीची माणसं 8 मार्चच्या रात्री गेली. ती म्हणते, शक्य नाही. तिच्या कपाटात भावाचं कार्ड आहे, अक्षर त्याचंच, तारीख 25 मार्च. म्हणजे तो त्या रात्रीनंतर 17 दिवस तरी जिवंत होता! मग तो सुटला असेल, दुसऱ्या छावणीत गेला असेल. त्या 17 दिवसांच्या आशेवर ती वर्षभर दारं ठोठावत फिरते. रहस्य तयार झालं, आणि त्यासाठी कुणाचा खून रचावा लागला नाही.

उलगडा कसा करायचा? आमच्या धंद्यात खोटा दस्त बघताना मी मजकूर शेवटी वाचतो. आधी स्टँपपेपर पालथा करतो आणि मागच्या बाजूला स्टँपव्हेंडरनं टाकलेली विक्रीची तारीख बघतो. दस्त 5 तारखेचा आणि कागद विकला 12 तारखेला, असं किती वेळा सापडलंय! बहिणीलाही असाच पालथा कागद मिळायला हवा. ती एका ओळखीच्या बाईकडं जाते. त्या बाईचा नवरा त्याच गाडीत होता, तिच्याकडंही कार्ड आलेलं आहे. दोघी कार्डं शेजारी-शेजारी ठेवतात. दोन वेगळी माणसं, दोन वेगळी अक्षरं, तब्येत ठीक असल्याचा तोच मजकूर आणि तारीख एकच. तिसऱ्या घरी जातात, तिथंही तीच. कुणी काही बोलत नाही. वाचकाला इथंच कळतं. पुढं एक शब्दही समजावून सांगू नका.

हे जमण्यासाठी पहिल्या प्रकरणातच ती तारीख सहज दिसली पाहिजे. बहीण कार्ड पुन्हा पुन्हा वाचते म्हणून तारीख वाचकाच्या डोळ्याखालून जाते, पण त्याचं लक्ष अक्षराकडं असतं. धागा वाचकापासून लपवायचा नाही, प्रेमाआड उभा करायचा.

त्या काळची पत्रं हा रहस्यकथेचा खजिना आहे. 1944 मध्ये हंगेरीतून ऑशविट्झला नेलेल्या ज्यूंकडूनही अशी कार्डं लिहून घेतली होती, त्यावर ठिकाण "वाल्डझे". नाव एखाद्या तळ्याकाठच्या गावासारखं गोड, पण तिथं असं गाव नव्हतंच. उलट्या बाजूनं, सेन्सॉरच्या डोळ्यांत धूळ फेकायला ज्यू लोकही पत्रांत हिब्रू शब्द माणसांच्या नावांसारखे वापरत. सप्टेंबर 1942 मध्ये वॉर्साहून स्वित्झर्लंडला गेलेल्या एका पत्रात "गेरुश काका" वॉर्सामध्ये काम करतात असा उल्लेख आहे. गेरुश म्हणजे हद्दपारी.

यावरून एक सराव सांगतो. युद्धात शत्रुदेशांतल्या नातेवाइकांना रेड क्रॉसच्या फॉर्मवर 25 शब्द लिहिता येत. तुम्ही 25 शब्दांचं मराठी पत्र लिहा. वरून सगळं ठीक दिसलं पाहिजे आणि घरच्याच माणसाला एका शब्दावर ठेच लागली पाहिजे. त्या मुलीनं सात पत्रं लिहिली, सातवं जमलं.

भाषेचं बघा. वॉर्साच्या आजीच्या तोंडी आपली बोली घालू नका, ताटात भाकरी-पिठलं वाढू नका. तिथं काळा पाव, बटाट्याची सालं, पाण्यासारखं सूप. पण मराठीची एक ताकद भरपूर वापरा: अहो-जाहो आणि अरे-तुरे. जर्मनमध्येही हा भेद आहे. 1932 मध्ये दुकानात येऊन "अहो, कोट झाला का?" विचारणारा गिऱ्हाईक 1938 मध्ये गणवेशात येऊन त्याच शिंप्याला "ए, ऊठ" म्हणतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे एका अक्षरात दाखवता येत नाही. तुम्हाला येतं.

गोष्ट आपल्या भागाशी जोडावीशी वाटेल, पण जपून. माझं आजोळ निपाणीचं. कोल्हापूरच्या बाजारात पाहिलेल्या पोलंडच्या गोऱ्या बायकांची आठवण आजी सांगायची. त्या वळिवड्याच्या छावणीतल्या. 1943 ते 1948 या काळात तिथं सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. पण त्यांना हद्दपार केलं होतं सोव्हिएत सत्तेनं, सैबेरिया आणि कझाकस्तानकडं, आणि ते इराणमार्गे इकडं आले. त्यात बहुतेक कॅथलिक. वळिवड्याच्या मुलीला ऑशविट्झमधून सुटलेली दाखवलंत, तर तिच्या खऱ्या दुःखावर अन्याय होतो आणि दुसऱ्यांच्याही.

मला खरा दुवा दिसतो तो इटलीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आमच्या बेळगावच्या कॅम्प भागात, आणि तिचे जवान इटलीत लढले. नायक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी तिथंच धारातीर्थी पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी काही महिने, 16 ऑक्टोबर 1943 रोजी रोममध्ये धरपकड होऊन हजाराहून जास्त ज्यू ऑशविट्झला नेले गेले. परत आले 16. एखाद्या शिपायाच्या ट्रंकेत, मिरवायच्या वस्तूंखाली, पडक्या घरातून उचललेला एका कुटुंबाचा फोटो, मागं स्टुडिओचा शिक्का. नातीला तो सापडतो. एवढ्यावर कादंबरी उभी राहते. फक्त त्या शिपायाकडून ऑशविट्झ मुक्त करवू नका. ते 27 जानेवारी 1945 रोजी सोव्हिएत फौजेनं केलं.

दोन नियम मी स्वतः पाळतो. वहीत सापडलेली गोष्ट निळ्या शाईनं, कल्पिलेली लाल शाईनं. निळं कधीही गोष्टीच्या सोयीसाठी वाकवायचं नाही. लाल फक्त तिथं, जिथं कागद गप्प आहेत. दुसरा: फितुरीचा, खबऱ्याचा आळ खऱ्या माणसाच्या नावावर कधीच ठेवायचा नाही. त्यांची नातवंडं हयात आहेत.

बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरचं आत्मचरित्र अजून ढिगानं विकलं जातं. तरुण पोरं ते "जिद्दीचं पुस्तक" म्हणून नेतात. शेजारी तुमची कथा असलेला अंक असेल, हे लक्षात ठेवून लिहा. खलनायकाला ऐटबाज संवाद देऊ नका.

दसऱ्याच्या आधी ती मुलगी पुन्हा आली. छावणीतला पोलीस गेला होता. आता प्रागमधली एक बाई होती, कपाट होतं, कार्ड होतं. पहिल्याच पानावर तारीख होती आणि मी ती पहिल्यांदा वाचताना ओलांडून गेलो. मग मी तिला एकच काम दिलं: 1945 च्या उन्हाळ्यात ती बाई दुसऱ्या घरी ट्रामनं जाते असं लिहिलंयस, तर ट्राम चालू होती का ते शोध, तोवर ते वाक्य लाल शाईतच राहू दे.